मैत्रीभावनेची वकिली

कुठे दंगल झाली, एखाद्या वस्तीवर हल्ला झाला, जमावाने कोणाला ठेचून मारलं, की दुसऱ्या दिवशी दोन प्रकारचे निरोप फिरू लागतात. एक, ‘आता गप्प बसायचं नाही’. दुसरा, पांढऱ्या कमळाच्या चित्रासह, ‘आज रात्री नऊ वाजता सगळ्यांनी दहा मिनिटं मैत्रीभावना करावी’. पहिल्या निरोपाचा समाचार घेणारे पुष्कळ आहेत. मला दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे. मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, ही मला खरोखर मोलाची गोष्ट वाटते, आणि तिचे टीकाकार तिच्यावर जेवढा अन्याय करतात त्याहून जास्त तिचे भक्त करतात, असं माझं मत आहे. टीकाकारांना निदान उत्तर देता येतं.

त्यांचा पहिला आक्षेप जुनाच आहे. शत्रूचं भलं चिंतणं हा नेभळटपणा. मार खाणाऱ्याने त्याला तत्त्वज्ञानाचं नाव दिलं एवढंच. असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा कोणी खातापिता गृहस्थ असतो, मांडी घालून, डोळे मिटून, गालातल्या गालात हसणारा. त्यांनी एकदा ‘विशुद्धिमार्ग’ उघडावा. पाचव्या शतकात बुद्धघोषाने लंकेत लिहिलेल्या या ग्रंथाचा नववा परिच्छेद मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांवर आहे. भाबड्या माणसाने तो लिहिलेला नाही, हे दोन पानांत कळतं. सुरुवात स्वतःपासून करायची. मग आदर वाटतो असा प्रिय माणूस, मग ज्याच्याशी घेणं ना देणं असा कोणी, आणि सगळ्यात शेवटी वैरी. वैऱ्याला पहिल्याच दिवशी समोर घेऊ नये, अशी ताकीद आहे. वैऱ्याचं नाव घेताच संताप उसळला तर काय करावं, याचे तोडगे एकामागून एक दिले आहेत. त्याचं एखादं चांगलं वागणं आठव. शोधूनही सापडत नसेल तर त्याची कीव कर. तेही जमेना, तर स्वतःला विचार, की बाबा रे, तू रागावलास तरी कोणावर? त्याच्या केसांवर, नखांवर की दातांवर? आणि एवढं करूनही काही हललं नाही, तर त्याला एखादी वस्तू भेट दे, किंवा त्याच्याकडून घे. हा शेवटचा तोडगा मला फार आवडतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा एक भिक्खू मोकळेपणाने कबूल करतो आहे, की काही वेळा नुसतं बसून भागत नाही. उठून त्याच्या दारापर्यंत जावं लागतं.

पुढे परीक्षाही आहे. साधक, त्याचा आवडता माणूस, एक तटस्थ आणि एक वैरी असे चौघे एकत्र बसले आहेत. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळी द्यायला आम्हाला यातला एक हवा. साधकाच्या मनात ‘याला न्या’ आलं, तर तो नापास. हे कोणीही सांगेल. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असं आलं तरीही तो नापासच! चौघांपैकी एकालाही हवाली करण्याचं मनात येत नाही, तेव्हाच आपल्या-परक्यातली सीमा मोडली म्हणायची. हुतात्मा होण्याची हौस इथे चालत नाही, आणि स्वतःला कस्पटासमान मानणंही चालत नाही. नेभळटांसाठी कोणी एवढी कठीण परीक्षा कशाला बांधील?

या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती 1940 मध्ये सिद्ध करणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. ध्यानमार्गाची मराठीत ओळख करून देणारं ‘समाधिमार्ग’ हे पुस्तकही त्यांचंच. हाच माणूस मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला. ध्यान करणारा माणूस थंड पडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कोसंबींना कोणत्या खान्यात बसवायचं ते सांगावं.

दुसरा आक्षेप असा उडवून लावता येत नाही. तो घेणारी माणसं वेगळी आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. अशा घरात जो वाचतो, त्याला ‘मारणाऱ्यांचं मंगल होवो असं म्हण’ हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे. ज्याला आधीच गप्प बसवलं आहे, त्याला आता मनातसुद्धा गप्प बसायला सांगायचं! आक्षेप घेणारे म्हणतात, ही शिकवण नेमकी मारणाऱ्यांच्या सोयीची आहे. मी या आक्षेपाशी सहमत आहे. फक्त तो मैत्रीभावनेवर लागू पडतो की ती वाटत फिरणाऱ्यांवर, एवढं तपासून पाहू.

मज्झिमनिकायात ककचूपम नावाचं सूत्र आहे. त्यात श्रावस्तीतल्या वेदेहिका नावाच्या बाईची गोष्ट येते. बाई मोठी शांत, मनमिळाऊ, असा गावभर लौकिक. तिच्याकडे काळी नावाची दासी होती, कामाला चोख. काळीच्या मनात आलं, बाईसाहेब खरंच शांत आहेत, की माझं काम चोख असल्यामुळे त्यांना रागवायला कारणच मिळत नाही? ती एक दिवस मुद्दाम उशिरा उठली. बाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी उशीर केला, तेव्हा शिव्या पडल्या. तिसऱ्या दिवशी आणखी उशीर झाला, आणि वेदेहिकेने दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. रक्ताने माखलेलं डोकं घेऊन काळी शेजारपाजारच्यांकडे गेली आणि म्हणाली, बघा हो, तुमच्या शांत बाईसाहेबांचं काम! त्या दिवसापासून बाईचा लौकिक उलटला.

ही गोष्ट सांगून बुद्ध भिक्खूंना विचारतो, की कानावर वाईट शब्द पडेपर्यंत शांत राहणारा शांत कसला? लक्षात घ्या, धडा वेदेहिकेसाठी आहे. डोकं फुटलेल्या काळीने मालकिणीबद्दल मैत्री बाळगावी, असं बुद्ध तिथे म्हणत नाही. तिने शेजाऱ्यांना गोळा केलं याबद्दलही तिला बोल लावत नाही. उलट मालकिणीचं सोंग उघडं पाडणारी शहाणी तीच. आक्षेप आणि त्याचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, ती सांगताना मात्र आपले प्रवचनकार काळीला गाळतात.

त्याच सूत्राच्या शेवटी ते प्रसिद्ध करवतीचं वचन येतं. दरोडेखोरांनी दोन मुठींच्या करवतीने अंग अंग कापलं, तरी ज्याच्या मनात द्वेष उत्पन्न होईल तो माझी शिकवण पाळणारा नव्हे, अशा अर्थाचं. वचन भयंकर आहे. मी त्याला गुळगुळीत करणार नाही. पण ते कोणाला सांगितलं? मोळिय फग्गुन नावाच्या एका तापट भिक्खूच्या निमित्ताने, घरदार सोडून आपखुशीने त्या वाटेला लागलेल्या माणसांना. ते व्रत आहे, आणि व्रत स्वतः घ्यायचं असतं. शेजाऱ्याला उपास घडवून आपल्याला एकादशीचं पुण्य लागत नाही.

आपल्याकडे अंगावर थुंकणाऱ्यापुढे पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या एकनाथांची कथा मुलांना हमखास सांगतात. नाथांची थोरवी त्यात आहेच. पण ही कथा ऐकताना मला नेहमी पैठणच्या घाटावरची बाकीची मंडळी आठवतात. ती काय करत होती? कथेत त्यांना काहीच काम दिलेलं नाही, आणि बहुधा त्यामुळेच ती कथा आपल्याला इतकी आवडते.

मग अन्याय झालेल्यांनी द्वेष न करता लढणं शक्य तरी आहे का? महाड पाहा. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर आणि तिथल्या दलितांच्या परिषदेला आलेले हजारो लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. थोड्याच वेळात अफवा उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव मंडपावर चालून आला, जेवत्या पंगतीवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत मिळालं. वाटेत सापडेल त्याला मारलं गेलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. परिषदेला आलेल्यांत लष्करात नोकरी केलेले लोक होते. बाबासाहेबांनी एक शब्द उच्चारला असता तर महाडचं काय झालं असतं, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्यांनी लोकांना आवरलं. आणि आवरून घरी पाठवलं नाही. फिर्याद दिली, खटला उभा राहिला, हल्लेखोरांपैकी काहींना सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा दहा वर्षं चालवून 1937 मध्ये उच्च न्यायालयातून जिंकला.

महाडला कोणी मैत्रीभावना केली नव्हती. ओढूनताणून तसा दावा करू नये. त्या संयमात धोरणही होतं. पण तीस वर्षांनी, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, हाच माणूस करुणा माणसांपुरती असते असं सांगून मैत्रीला तिच्याही पुढे नेऊन ठेवतो, प्राणिमात्रापर्यंत. ज्याने पाण्यासाठी लोकांना मार खाताना पाहिलं, फिर्यादी लिहिल्या, कायदे केले, त्याने मैत्री निवडली. कोणी त्याच्या हातात कमळाचं चित्र देऊन ती निवडायला लावली नव्हती. हा फरक ज्याला कळला, त्याला दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर वेगळं द्यायला नको.

आता सगळ्यांत अडचणीचा आक्षेप. तो म्यानमारचा आहे. सप्टेंबर 2007 मध्ये यांगूनच्या रस्त्यांवर हजारो भिक्खू उतरले, लष्करी राजवटीपुढे मेत्तसुत्त, म्हणजे मैत्रीचं सूत्र, म्हणत चालले. जगाने ते दृश्य पाहून हात जोडले. दहाच वर्षांत, 2017 मध्ये, त्याच देशातून सात लाखांवर रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. त्याआधी मुसलमानांविरुद्ध विष कालवणाऱ्या प्रचारात विराथूसारखे चीवरधारी पुढे होते. जिथे मेत्तसुत्त लहान मुलांनाही पाठ असतं तिथे हे होतं, तर मग तुमच्या मैत्रीभावनेचा उपयोग काय?

हा आक्षेप मला पुरता खोडता येत नाही, आणि तो खोडू पाहणाऱ्यांचा मला संशय येतो. ‘ते खरे बौद्ध नव्हेतच’ हे उत्तर सगळ्या धर्मांच्या सगळ्या वकिलांनी देऊन झिजवलं आहे. एवढंच म्हणतो, की पाठांतर आणि साधना यांत जे अंतर आहे ते इथे दिसतं. ‘सगळे प्राणी सुखी होवोत’ म्हणताना काही लागत नाही. ‘सगळे’मध्ये कोणीच नसतो. पलीकडच्या मोहल्ल्यातला सायकल दुरुस्त करणारा, त्याचं दुकान, त्याची पोरं, हे समोर आणून तेच वाक्य म्हणायचं झालं की जीभ अडते. बुद्धघोषाने एकेक माणूस का घ्यायला लावला, ते अशा वेळी कळतं. 2013 मध्ये मेखतिला शहरात मुसलमानांची कत्तल सुरू झाली, तेव्हा तिथल्याच एका विहाराच्या प्रमुखाने शेकडो मुसलमानांना आत घेतलं आणि दारावर आलेल्या जमावाला परत पाठवलं. सूत्र दोघांचं एकच होतं, त्याचं आणि विराथूचं. सूत्रावर विसंबून राहता येत नाही, हे यातून निघतं. ते फेकून द्यावं, हे निघत नाही.

भक्तांकडे वळतो. त्यांचं म्हणणं असं, की पुरेशा लोकांनी एकाच वेळी ध्यान केलं तर मैत्रीच्या लहरी पसरतात आणि हिंसा थांबते. रात्री नऊची वेळ त्यासाठीच ठरलेली असते. हे वाचून मला कंबोडियाचे महाघोसानंद आठवतात. या भिक्खूचं शिक्षण आपल्या नालंद्याला झालं. ख्मेर रूजच्या राजवटीत, 1975 ते 1979 या काळात, सुमारे सतरा लाख माणसं मेली. त्यात त्यांचं सगळं कुटुंब गेलं. ते तेव्हा थायलंडच्या जंगलात ध्यानाला बसले होते. सीमेवर निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा ते साकेओच्या छावणीत गेले आणि मेत्तसुत्ताच्या प्रती वाटू लागले. त्या छावणीत मार खाल्लेले होते आणि मारणारे ख्मेर रूजचे लोकही होते. प्रत दोघांनाही मिळाली. पुढे 1992 पासून त्यांनी धम्मयात्रा काढल्या, सुरुंग पेरलेल्या मुलखातून पायी. 1994 च्या यात्रेत दोन सैन्यांच्या गोळीबारात यात्रेकरू सापडले; एक भिक्खू आणि एक साध्वी ठार झाली. त्या दोघांच्या मैत्रीत काही कसर राहिली होती का? लहरी कमी पडल्या? गोळी मैत्रीने थांबत नाही. हे महाघोसानंदांना ठाऊक होतं, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा निघाले.

ज्या देशात हे घडलं, तिथे पुढे ख्मेर रूजच्या पुढाऱ्यांवर न्यायाधिकरणात खटलेही चालले. 2010 मध्ये पहिला निकाल लागला. मैत्री झाली म्हणून आरोपपत्र फाडलं गेलं नाही. ज्यांना या दोन गोष्टींत विरोध दिसतो, त्यांनी क्षमा आणि शिक्षामाफी यांची गल्लत केलेली असते.

मग मैत्रीभावनेने होतं तरी काय? ती करणारा बदलतो, आणि तोही सावकाश. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोएंकांच्या पद्धतीची दहा दिवसांची शिबिरं होतात. तिथे मंगल मैत्री दहाव्या दिवशी शिकवतात. आधीचे नऊ दिवस स्वतःच्या श्वासाशी, दुखऱ्या गुडघ्यांशी आणि मनातल्या कचऱ्याशी झटापट चालते. ते नऊ दिवस कापून दहाव्याची दहा मिनिटं फोनवर वाटली जातात! येल विद्यापीठातल्या संशोधकांचा 2014 चा एक अभ्यास आहे. सहा आठवडे मैत्रीभावना करणाऱ्या गटात कृष्णवर्णीय आणि बेघर लोकांविषयीचा मनाच्या तळाशी असलेला आकस कमी झालेला दिसला. मैत्रीभावनेवर नुसती चर्चा करणाऱ्या गटात तो झाला नाही. असल्या छोट्या प्रयोगांवर मी फार भार टाकत नाही, आकस मोजण्याच्या त्या रीतीवर मानसशास्त्रज्ञांचेही वाद आहेत. पण चर्चेने काही होत नाही, हे लेख लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी ऐकून ठेवायला हरकत नाही.

आणि ती करायची तर आधी, घटना घडण्यापूर्वी. भिवंडीत 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली झाल्या. नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी आणि पोलिसांनी ठरावीक दिवशी एकत्र बसायचं, गटारापासून भांडणांपर्यंत सगळं बोलायचं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मोहल्ला कमिटीला मी ध्यान म्हणणार नाही, खोपड्यांनाही ते पटणार नाही. पण नावानिशी ओळखलेला परका, वारंवार समोर येणारा, आणि काहीही बिघडलेलं नसताना केलेली ही तालीम, हे सगळं ‘विशुद्धिमार्गा’तल्या क्रमाच्या फार जवळ जातं. दंगलीच्या रात्री नऊ वाजता यातलं काहीच सुरू करता येत नाही.

मैत्रीभावनेची खरी गरज ज्याच्या हातात अडसर आहे त्याला आहे, आणि ज्याच्या हातात काहीच नाही पण जो खिडकीतून बघतो आहे, त्यालाही. 1994 मध्ये तिहारच्या तुरुंगात हजारावर कैद्यांसाठी विपश्यनेचं शिबिर झालं, ते म्हणूनच मला योग्य ठिकाणी झालेलं वाटतं. ज्याचं डोकं फुटलं आहे, त्याने मैत्री करायची की नाही, कधी करायची, हे तो ठरवील. त्याने ती केली तर ती महाघोसानंदांच्या तोलाची असेल, आणि केली नाही तर त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

तेव्हा शांततेसाठी सामूहिक ध्यान आयोजित करणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी सतरंजी त्या गल्लीत घाला, जिथून जमाव निघाला होता. मार खाल्लेल्यांच्या वस्तीत डॉक्टर पाठवा, वकील पाठवा, आणि जे पाहिलं ते कोर्टात सांगायला तयार असलेला एक तरी साक्षीदार पाठवा.